कुटुंबाने हा खर्च नाकारला आहे

२२ मार्च २०२३, पाडवा
आजपासून घरखर्चाची नोंद मोबाइलमध्ये. वहीत नाही. वह्या तीन झाल्या, तिन्हींत चार-चार पानं भरली. दोष वहीचा.
कारण, गेल्या महिन्यात पगार एकोणीस तारखेलाच संपला. कुठं गेला विचारलं तर उज्वला म्हणाली, तिघं हाव, तिघं खाल्लाव. बायकोचं हे उत्तर. मुग्धाला विचारलं तर म्हणाली, पप्पा, उद्या टेस्ट आहे. मुलीचं हे उत्तर. मी पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. मुग्धाच्या मेडिकलच्या नीट परीक्षेसाठी देगलूरहून लातूरला बदली मागून घेतली, ट्यूशन एरियात दोन खोल्यांचं भाडं भरतो. अशा माणसाला सिस्टीम पाहिजे. चार अ‍ॅप डाउनलोड केली.

२४ मार्च
पहिलं अ‍ॅप डॉलरमध्ये बोलतं. काढलं.
दुसरं बँकेचे मेसेज स्वतःच वाचतं आणि खर्चाची वर्गवारी करतं. हुशार वाटलं. विम्याचा हप्ता ‘प्रवास’मध्ये टाकला. मुग्धाची ट्यूशन फी ‘मनोरंजन’मध्ये. मुग्धा बघून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. अ‍ॅप काढलं.

२७ मार्च
ऑफिसातला कॅशियर वीरण्णा एक्सेलवाला. त्यानं त्याची तयार शीट पाठवली. सतरा रकाने. मोबाइलवर एका वेळी तीन दिसतात. म्हणून छोटा कीबोर्ड मागवला, अकराशे पन्नास. हा खर्च नव्हे, गुंतवणूक. शीटमध्ये गुंतवणुकीला रकाना नाही. तूर्त नोंद केली नाही.

२ एप्रिल
सापडलं! फॅमिली अ‍ॅप. तिघांच्या मोबाइलवर एकच हिशेब. महिन्याला एकशे एकोणपन्नास, वर्षाचे एकदम भरले तर नऊशे नव्व्याण्णव. वर्षाचे भरले. बचत इथूनच सुरू.
खास गोष्ट म्हणजे मंजुरी. पन्नासच्या वरचा कोणताही खर्च आधी अ‍ॅपवर मांडायचा, तिघांपैकी दोघांनी हो म्हटलं तरच करायचा. उज्वलाला शिस्त लागेल. देवासमोर दोघींना शपथ घ्यायला लावली. उज्वला म्हणाली, तुमी बी घ्या. घेतली. नियम सगळ्यांना सारखा, असं छोटं भाषणही केलं.

५ एप्रिल
उज्वलानं तेलाचा डबा मांडला. मी नाकारला. कारण लिहा म्हणालो. तिनं कारण लिहिलं, ‘तेल’. मुग्धानं हो म्हटलं. मंजूर. संध्याकाळी भजी होती. सिस्टीम चालते आहे.

९ एप्रिल
मी मांडलं: कटिंग आणि डाय, एकशे ऐंशी. मुग्धानं नाकारलं. कारणात लिहिलं, पप्पा, केस आहेत कुठं? उज्वलानंही नाकारलं. कटिंगचे ऐंशी वेगळे मांडले, ते मिळाले. कानामागं पांढरे राहिले. अनुभवी दिसतो.

१७ एप्रिल
ऑफिसखाली टपरीवर चहाचे पैसे द्यायची पाळी माझी. सात जण, सत्तर रुपये. मांडले. उज्वला झोपलेली असावी, मुग्धाचा फोन क्लासमध्ये बंद. सगळ्यांचे कप रिकामे झाले तरी मी मोबाइलकडे बघत उभा. शेवटी वीरण्णानं दिले. मी त्यांना मंजुरीची पद्धत समजावून सांगितली. वीरण्णानं माझ्या पाठीवर थोपटलं. प्रभाव पडला.

७ मे
नीट झाली. मुग्धा म्हणाली, पेपर बरा होता. उज्वला म्हणाली, आता हिला झोपू द्या.

१३ जून
निकाल. सातशे वीसपैकी तीनशे बारा. मुग्धानं दार लावून घेतलं. मी खचलो नाही. एवढ्यात कुणी खचत नसतं, रिपीट करतं. वरच्या मजल्यावरचा मुलगा तिसऱ्यांदा देतोय. त्याला आता सगळं माहीत आहे.

१६ जून
क्लासच्या ऑफिसात जाऊन आलो. रिपीटर बॅच, एक लाख पस्तीस हजार. पंचवीस तारखेपर्यंत सवलत. ऑफिसच्या सोसायटीचं कर्ज निघेल. रात्रीच्या जेवणाआधी अ‍ॅपवर मांडलं, नियम म्हणजे नियम.
उज्वला: नाही. मुग्धा: नाही.
स्क्रीनवर आलं, ‘कुटुंबाने हा खर्च नाकारला आहे.’ रेंजचा प्रॉब्लेम असावा.

१७ जून
पुन्हा मांडलं, ‘शिक्षण’ऐवजी ‘गुंतवणूक’मध्ये. नाकारलं. मग ‘वैद्यकीय’मध्ये टाकलं, शेवटी डॉक्टरच व्हायचंय ना. नाकारलं.

१८ जून, रविवार
आज मुग्धा माझ्यासमोर येऊन बसली. अ‍ॅपवर नाही, खरीखुरी. म्हणाली, पप्पा, मला जमना. दोन वर्षं या खोलीतून क्लास अन् क्लासमधून खोली. मला परभणीला कृषीला जायचंय.
मी म्हणालो, कृषी? मी देगलूरचं शेत भावाच्या हवाली करून नोकरीला का लागलो? चिखलातून बाहेर पडायला. आणि तू फी भरून परत चिखलात?
ती म्हणाली, तुम्ही बाहेर पडलात पप्पा. मला इथून बाहेर पडू द्या.
उज्वला भाजी निवडत होती. तिनं वर न बघताच विचारलं, पोरगी रात्री झोपंत काय बडबडूलाली ते कधी ऐकलाव का? उत्तरं. एक-दोन-तीन नंबर टाकून उत्तरं. मदीच रडूलाली. तुमी घोरूलालाव.
मी म्हणालो, घराचा प्रमुख मी आहे.
उज्वला म्हणाली, हाव. मांडा की मग.

२१ जून
मंजुरीचा नियमच बंद करायचं ठरवलं. सेटिंगमध्ये गेलो. नियम बदलायलाही दोन मंजुऱ्या लागतात. कस्टमर केअरला फोन केला. गोड आवाजाची मुलगी हिंदीत म्हणाली, सर, फॅमिली मोड तुम्हीच निवडलाय. मी म्हणालो, पैसे परत द्या. ती म्हणाली, वर्षाचा प्लॅन आहे सर.
स्वतःच्याच घरात बाहेरून कडी लावल्यासारखं झालं. अर्थात हे अ‍ॅपच्या मजबुतीचंच लक्षण.

२५ जून
शपथ गेली खड्ड्यात. सोसायटीचं कर्ज निघालंय, पैसे बँकेत माझ्या नावावर आहेत. शेवटची तारीख, म्हणून घरी न सांगता क्लासला गेलो. लांब रांग. माझ्यापुढं मुरुडचे एक गृहस्थ, बरोबर मुलगा. मुलगा भिंतीला डोकं टेकून उभ्या उभ्या झोपलेला. हातात पुस्तक, बोट पानात तसंच. वडील म्हणाले, दुसरं वर्ष हाय, लई हुशार हाय. मी म्हणालो, हाव. रांग पुढं सरकली तसं त्यांनी पोराला दंडाला धरून पुढं ओढलं. तो डोळे न उघडताच चालला. ओठ हलत होते.
रांग फारच मोठी होती. माझा नंबर लागेपर्यंत काउंटर बंदच झालं असतं. परत आलो. घरी सांगितलं, सर्व्हर डाऊन होता. उज्वलानं चहा ठेवला.

१९ ऑगस्ट
मुग्धानं मांडलं: परभणी, कृषी प्रवेश. उज्वलानं लगेच हो म्हटलं. दोन मंजुऱ्या झाल्या, माझी गरजच उरली नाही. तरी मी बटण दाबलं. ‘आधीच मंजूर आहे’ असं आलं. पुन्हा दाबलं. तेच.
एक लाखाच्या वर वाचले. हे अ‍ॅपमुळे, हे कुणी म्हणणार नाही.

३ सप्टेंबर
मुग्धाला होस्टेलवर सोडून आलो. मी निघताना तिनं अ‍ॅपमधला ग्रुप सोडला, तिचा खर्च आता ती बघणार. उज्वलानं अ‍ॅप काढून टाकलं, फोन भरला मनून. उद्यापासून नवीन अ‍ॅप बघतो. एका माणसाचं.

१० सप्टेंबर, रविवार
मुग्धाचा फोन. आवाजच वेगळा, खणखणीत. आईशी बोलायच्या आधी मला मागितलं. म्हणाली, पप्पा, सरांनी प्रत्येकाला आपापल्या शेतातल्या मातीचं लिहून आणायला सांगितलंय. देगलूरच्या आपल्या शेतातली माती कसली आहे? किती खोलवर? खाली काय लागतं?
मी आठवून बघितलं. मग म्हणालो, हॅलो, हॅलो, आवाज येत नाही.
आवाज स्वच्छ येत होता. ती म्हणाली, बरं, काकांना विचारते. मग फोन आईला द्या म्हणाली.