टाकीवरचा बारा नंबर

२३ ऑगस्ट, शुक्रवार, सकाळी
आजपासून डोनट बंद. रोज टेकडीपर्यंत चालायचं. उद्यापासून, कारण आज कंबर धरली आहे.
स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून कॉफी घेतली. समोर गावाची पाण्याची टाकी, टाकीवर ठळक 'ड्वोराक १२'. म्हणजे मी, बारा हा माझ्या जर्सीचा नंबर. १९८५ साली आमच्या शाळेचा फुटबॉल संघ अख्ख्या सीझनमध्ये एकही सामना हरला नाही, आणि क्वार्टरबॅक, म्हणजे हाताने चेंडू फेकून संघ चालवणारा, मी होतो. त्यानंतर कुणालाही जमलेलं नाही.
गावाचा नियम साधा आहे. संघ अजिंक्य राहिला की क्वार्टरबॅकचं नाव टाकीवर. आणि जुनं नाव पुसायचं तर पहिला ब्रश जुन्या नाववाल्यानेच मारायचा. हा दुसरा भाग मी कधी मनावर घेतला नव्हता.
यंदाचा क्वार्टरबॅक डिलन मार्श. केस डोळ्यांवर. याला समोरचं दिसतं तरी का?

२० सप्टेंबर, शुक्रवार, मॅचनंतर
पाचवाही सामना जिंकले. स्टँडमध्ये नुसतं डिलन, डिलन! पोराला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय सगळ्यांनी.
शेजारी मेहुणा स्टश शिट्ट्या मारत होता. हा आता कार वॉश चालवतो. तेव्हा माझ्याच संघात होता, लाइनमध्ये. क्वार्टरबॅक चेंडू फेकेपर्यंत समोरच्यांना अंगावर घेतात त्या पाच धिप्पाडांपैकी एक. मी त्याला म्हटलं, पोराने केलं काय? लाइनने त्याला एवढा वेळ दिला की तेवढ्यात मी सँडविच करून खाल्लं असतं. तर म्हणतो, "लेन, पोराचं काळीज बघ की! ते तुझ्या कुठल्या आकड्यात येतं?"
काळीज म्हणे! मी तीस वर्षं विमा विकलाय. कर्तृत्व किती आणि नशीब किती, हे मला आकड्यांत कळतं.
संकल्प: सूत्र तयार करायचं.
डोनट एक. विचाराला साखर लागते.

२९ सप्टेंबर, रविवार
सूत्र तयार. विजयातून बचाव करणाऱ्यांचं श्रेय वजा. चेंडू घेऊन पळणाऱ्यांचं वजा. लाइनने मिळवून दिलेला वेळ वजा. प्रतिस्पर्धी अगदीच पिचका असेल तर आणखी वजा. उरेल ते क्वार्टरबॅकचं.
डिलनचं उरलं शंभरात अकरा.
अकरा! धावत जाऊन रोझानला दाखवलं. बायको म्हणाली, "जेवताना कागद नको. आणि त्या पोराने तुझं काय घोडं मारलंय?"
काही नाही मारलं. मला त्याचा राग नाही. हे शास्त्र आहे.
चालणं: पावसामुळे रद्द. (पाऊस संध्याकाळी आला, पण ढग सकाळपासून होते.)

१३ ऑक्टोबर, रविवार
परवा आठवा विजय. आज चर्चमध्ये पिएरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, विकायला उभा होतो. येईल त्याच्या प्लेटमध्ये सहा पिएरोगी आणि सोबत सूत्र. लोकांना पटतंय. निदान कुणी वाद घालत नाही. रांग दुसऱ्या टेबलाकडे सरकली, ती तिथलं सावर क्रीम ताजं होतं म्हणून.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार
दहावाही जिंकले, सीझनचा शेवटचा. अजिंक्य.
झोप येईल असं वाटत नाही. सोमवारी बूस्टर क्लबची, म्हणजे संघाच्या पाठीराख्या गावकऱ्यांची, मीटिंग. टाकीचा निर्णय तिथेच होतो.

२८ ऑक्टोबर, सोमवार
विजय! सविस्तर लिहितो.
अध्यक्ष मिसेस वुकोविच. शाळेत मला बीजगणित शिकवायच्या, एकाच वर्गात दोन वर्षं. मी बोललो, मुद्देसूद बोललो, आणि बसा म्हणेपर्यंत बोललो. मग मागून डिलन उठला. मला वाटलं, आता हा भांडणार. तर केस बाजूला करून म्हणाला, "मिस्टर ड्वोराक बरोबर बोलतायत. मी नुसता फेकतो हो. मार हे पाच जण खातात. माझं नको, टाकीवर 'लाइन' असं लिहा."
टाळ्यांचा कडकडाट. सगळ्यांत जोरात माझ्या. पोरगा समजूतदार आहे, मी आधीपासून म्हणत होतो. सन्मान मोठा, पण लाइनचं नाव टाकीवर कोण लिहिणार? असं कधी झालेलं नाही. म्हणजे माझं नाव राहिलं.
मिसेस वुकोविचनी विचारलं, "लेन, मग हे सूत्र सगळ्यांना सारखंच लावायचं ना?"
मी म्हटलं, अर्थात. आकडे कुणाचं तोंड बघत नाहीत.
त्या म्हणाल्या, "छान. शाळेच्या तळघरात पंच्याऐंशीच्या फिल्म आहेत."
उत्तमच. माझे साठ तरी निघतील. नम्रपणे पंचावन्न धरू. डोनट दोन, आनंदाचे.

२ नोव्हेंबर, शनिवार
शाळेत फिल्म पाहिल्या. अख्खा क्लब आला होता. डिलनही.
कार्व्हरटनविरुद्धचा माझा तो प्रसिद्ध साठ यार्डांचा थ्रो. फिल्ममध्ये तो सहा यार्ड गेला. पुढचं सगळं झेलणारा पळाला. फिल्म जुनी आहे, आकसली असेल.
शेवटच्या सामन्यातली माझी झेप. ती मी सगळ्यांना सांगितलेली आहे, रोझानला तर लग्नाआधीपासून. फिल्ममध्ये मी चेंडू कवटाळून उभा आहे, डोळे मिटलेले, आणि स्टश मागून मला रेषेपलीकडे ढकलतोय.
माझे निघाले उणे चार.
रोझानने विचारलं, उणे म्हणजे काय? मिसेस वुकोविच म्हणाल्या, "म्हणजे लेन घरी बसला असता तरी जिंकलो असतो. जरा जास्त फरकाने."
सगळे हसले. स्टश हसला नाही. ते जास्त लागलं.
ठराव एकमताने: टाकीवर 'लाइन'. तेव्हाची, आताची, सगळ्यांची. माझं एक मत विरुद्ध होतं, पण हात वर करायला उशीर झाला.

९ नोव्हेंबर, शनिवार
टाकीवर चढलो. शिडी डिलनने धरली होती. "सावकाश, सर," म्हणत होता.
माझ्या नावाच्या पहिल्या अक्षरावरून पांढरा ब्रश फिरवला. डोळ्यांत पाणी आलं. वारा होता.
वारा नव्हता. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.
खाली आलो तर स्टश टोपी हातात घेऊन उभा, आणि एवढा थोराड माणूस लहान पोरासारखा रडतोय. माझे दोन्ही खांदे धरले. म्हणाला, "एकोणचाळीस वर्षांत आमचं नाव कुणी घेतलं नव्हतं रे. तू घेतलंस. स्वतःचं पुसून घेतलंस!"
आता याला काय सांगणार? मी म्हटलं, "तुमच्या हक्काचंच होतं." आणि क्षणभर मलाही ते खरं वाटलं.

१० नोव्हेंबर, रविवार, सकाळी
रात्रभर विचार केला. सूत्रात मूलभूत दोष आहे. आकड्यांत माणसाचं काळीज कुठे येतं? रोझानला हे सांगितलं. ती म्हणाली, "हे स्टश सप्टेंबरमध्येच म्हणाला होता." आणि डोनटचा डबा उचलून फडताळात ठेवला. तोवर माझे चार खाऊन झाले होते.
संकल्प: उद्यापासून कॉफी पुढच्या खोलीतल्या खिडकीत. तिथून टाकी दिसत नाही.
खुर्ची आत्ताच हलवली. तिथून स्टशचा कार वॉश दिसतो. त्याने नवी पाटी लावली आहे, आणि पाटीवर टाकीचं चित्र.