दाराची कडी

पनवेल, मंगळवार संध्याकाळ

आज तिसऱ्यांदा कडी लावता आली नाही. मनात बसलेल्या धसक्यावरचे उपचार फोनवर देता येतात का, या संशोधनात मी पेशंट म्हणून आहे. अट एकच, दार लावून एकट्याने बसायचं. रूममेट सलीम कांदा चिरणं अर्धवट टाकून खाली टपरीवर गेला. "लाव कडी, बिनधास्त बोल." हात पुढे केला आणि तळोज्याच्या कारखान्यातल्या आगीतलं दार आठवलं, मी आत आणि बाहेरून कडी घातलेली. कांदा काय बारीक चिरतो हा, डोळ्यांत पाणी आलं! असो. दार उघडंच राहिलं. फोनवरच्या मॅडम म्हणाल्या, "सॉरी दादा, नियम आहे. तीनदा हुकलं की नाव काढावं लागतं."

कडी लावता आली असती तर यांच्याकडे गेलोच कशाला असतो?

सलीम वर आला. "एवढ्यात झालं? बरा झालास की रे! पुढच्या मंगळवारी पण जातो खाली."

"बरं," म्हणून मी उरलेला कांदा चिरायला घेतला.