गंगेवरचा रुपया

॥ श्री ॥
उमापूर, २२ एप्रिल २०१६

चि. जावईबापू धर्मराज यांना सुंदररावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्राला महिनाभर उशीर झाला, रागावू नका. रोज लिहायला बसायचो आणि काय लिहावं या धास्तीने उठायचो. फोनवर विचारलं असतं, पण तुम्ही सांगता ते मला फोन ठेवेपर्यंतच कळतं. कागद असला म्हणजे चष्मा लावून दहादा वाचता येतो.

तुमची खेळण्यातली रेल्वे बिघडली. मी काही केलं नाही. दूध सोसायटीच्या खोलीत तुम्ही मांडून गेलात तशीच आहे. दुष्काळामुळे गावची जनावरं चारा छावणीत गेल्यापासून दूध येत नाही, त्यामुळे खोली मोकळीच. लाल इंजिनाला तुम्ही तीन नंबर दिला होता, निळ्याला सात. आता सात दाबला तर कोणी हलत नाही आणि तीन दाबला तर दोघंही उठतात. उठतात म्हणजे दिवा लागतो, शिट्टी होते, दोन बोटं सरकतात आणि अडतात. चेअरमन अर्जुनराव रोज दारातून विचारतात, की बीडची गाडी आज तरी सुटणार का, आणि स्वतःच हसतात.

मला घोर अक्काचा आहे. माझी ही थोरली बहीण बीडजवळ पालीला दिली तेव्हापासून मी तिला बीडला रेल्वे येणार म्हणून सांगतोय. रेल्वेच्या मोर्चाला जाताना भाकरीही तिच्याच बांधून न्यायचो. आता पालीचं धरण आटलं, विहीर आटली, आणि तिचा मुलगा शहादेव तिला कायमची नागपूरला नेतोय. जाण्याआधी अक्षय्य तृतीयेला ती माझ्याकडे येईल. खरी नाही तर नाही, तुमची गाडी तरी बीडात शिरताना तिने बघावी. पुढे आमची भेट होते न होते.

सत्यभामेला पाणी उकळून पी म्हणावं. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा,
सुंदरराव


नाशिक, २९ एप्रिल २०१६

ती. मामांना धर्मराजचा शि. सा. न. वि. वि.

‘मी काही केलं नाही’ हे वाचून सत्यभामा इतकी हसली, की चहा उतू गेला. तिचं म्हणणं, आप्पांनी रुळांना तेल घातलं असणार. घरात कुरकुरेल त्याला ते तेल घालतात. मामा, या इंजिनांना वीज रुळांतूनच मिळते, चाकांवाटे आत जाते. तेलात धूळ बसली की वीज अडते. सुती फडक्यावर स्पिरिट घेऊन रूळ आणि चाकं पुसा. फडकं काळं यायचं थांबेपर्यंत पुसा.

तीन हा इंजिनांचा जन्माचा नंबर. दोन्ही रुळांवर असताना तुमच्याकडून बटणं दाबली गेली आणि दोघांनी तोच घेतला. लाल इंजिन कपाटात ठेवा, एकट्या निळ्याला सात द्या, मग लाल परत आणा.

चालता चालता सगळं बंद पडून तांबडा दिवा लागला, तर दोन्ही रुळांना जोडणारं धातूचं काही पडलंय असं समजा आणि ते उचला. काही जळत नाही. झोपा शांत.

आत्यांना नमस्कार. आशीर्वाद असू द्यावा.

आपला,
धर्मराज


॥ श्री ॥
उमापूर, ११ मे २०१६

चि. जावईबापूंना अनेक आशीर्वाद. वि. वि.

तेल होतं. गोडं तेल, तेही चमचाभरच. सत्यभामेला एवढं हसायचं कारण नव्हतं. तीन फडकी काळी झाली. सात नंबर निळ्याने पहिल्याच वेळी घेतला, तेव्हा मला रडू आलं.

परवा अक्षय्य तृतीयेला अक्का आली. दुधाच्या कॅनवर बसली आणि म्हणाली, की लई वर्षं थापा ऐकल्या, आता दाव. परळीहून गाडी सुटली तशी तिने पदर सावरला आणि खिडकीशी बसल्यासारखं अंग वळवलं. पण तुम्ही परळी आणि बीडच्या मध्ये गंगा, म्हणजे आपली गोदावरी, काढलीत. तिथे गंगा नाही हे मी तेव्हाच सांगितलं होतं. पूल शोभून दिसतो म्हणालात. खऱ्या गंगेत यंदा नुसती वाळू, आणि तुमची काठोकाठ निळी! अक्काने पूल बघितला, हात जोडले आणि चंचीतला रुपया गंगेला वाहिला. तो पडला नेमका पुलावर, दोन रुळांवर आडवा. गाडी जागीच थांबली, तांबडा दिवा लागला.

तुमचं पत्र खिशात होतं म्हणून घाबरलो नाही. रुपया उचलायला गेलो, तर अक्काने मनगट धरलं. गंगेला दिलेलं परत घेतोस, लाज हाय का, असं विचारलं. मी म्हणालो, तो अजून गंगेत पडलेलाच नाही. अर्जुनरावांनी काडीने खाली ढकला म्हणून काडी दिली. अक्काने काडीच मोडली. गंगेला पाणी आलं की तीच नेईल, तोवर कुणी हात लावायचा न्हाई, हा तिचा हुकूम.

आज शहादेव जीप घेऊन आला. अक्काने त्याला सांगितलं, की गाडी बीडला पोचलेली बघितल्याशिवाय मी नागपूरला येत नाही. तो माझ्यावर डोळे वटारून रिकामी जीप घेऊन गेला. आता अक्का पुलाशेजारी बसून शेंगा सोलतेय, आणि मी सरपंचांना सांगून टँकरवर आमची एक घागर वाढवून घेतली आहे.

तुमच्या जिवाला काही झालं नाही ना, याची काळजी लागते. खुशालीचं पत्र हातासरशी टाका. रुपयावरचा उपाय मात्र सावकाश कळवला तरी चालेल.

तुमचा,
सुंदरराव