एका गोळीत दोन औषधं

४ मार्च
जुन्या दोन गोळ्या बंद. आता एकाच गोळीत दोन औषधं म्हणे! डॉक्टरांनी बजावलं — वरचं प्रेशर दीडशेच्या खाली येऊन टिकलं, तरच मोतीबिंदूचं ऑपरेशन. उजव्या डोळ्याने आता पेपरातले मथळेही धुरकट दिसतात.

८ मार्च
घरच्या मशीनवर प्रेशर १४४. पण पाय! सुजून उशा झाल्यात, चपलेत शिरत नाहीत. मुलगा म्हणतो, बाबा, गोळ्यांबद्दल मोबाईलवर वाचत बसू नका. वाचतो कुठे? दिसतंय कुठे?

९ मार्च
डॉक्टरांनी जोडी बदलली. पाय सुजवणारं औषध काढलं, लघवी वाढवणारं घातलं. शेजारचे शिंपी हीच गोळी घेतात. त्यांना काही त्रास नाही. त्यांना कशाचाच कधी त्रास नसतो.

११ मार्च
सकाळपासून सहा फेऱ्या. सूनबाई विचारते, नळ चालू राहिलाय का.

१२ मार्च
प्रेशर १३६. एवढं उतरलं? पटेना. तीस वर्षं बॉयलरवर काढली. मीटरची शंका आली की खात्रीच्या मीटरशी ताडून बघायचा. घरात खात्रीचं माणूस एकच — ही. बाळंतपण सोडलं तर दवाखान्याची पायरी चढलेली नाही. तिच्या दंडाला पट्टा बांधला. १८२! असायला हवं एकशेवीस. म्हणजे मशीन बासष्टने जास्त दाखवतंय. म्हणजे माझं खरं चौऱ्याहत्तर!

बसल्या जागी चक्कर आली. ही म्हणते, "अहो, मला काय धाड भरलीय? सोडा दंड, भाजी करपतेय."

१३ मार्च
अर्धीच गोळी घेतली. उगाच जीव जायचा. हिचं १७८. मशीन खोटंच.

१६ मार्च
हिचं १८४, माझं १५८. चौसष्ट वजा केले — चौऱ्याण्णव. चढतंय हळूहळू, अर्धी गोळी लागू पडली. हिचं डोकं दुखतंय. तुमच्या त्या पट्ट्यानेच, म्हणते.

१७ मार्च
उद्या मशीन आणि आकड्यांची वही घेऊन डॉक्टरांकडे जाणार. असलं मशीन घ्यायला सांगतात आणि वर माणसाचं ऑपरेशन त्यावर अडवतात! मुलगा म्हणाला, भांडू नका. भांडणार नाही. पुरावा दाखवणार.

१८ मार्च
डॉक्टरांच्या यंत्रावर माझं १६०. माझ्या मशीनवर १५८. मशीन बरोबर! अर्ध्या गोळीचं कळल्यावर डॉक्टर खवळले. ऑपरेशन पुढे गेलं. मी तरी वही पुढे सरकवली. त्यांनी माझे आकडे वाचलेच नाहीत.

"आजोबा, हा दुसरा रकाना कोणाचा?"

मशीन तिथेच टाकून घरी आलो. ही ओट्यापाशी उभी होती. कपाळाला ओला रुमाल बांधलेला. माझ्याकडे न बघताच म्हणाली, झालं का हो मशीन दुरुस्त?