शनिवारी बाबांना अडव

उनालास्का, अलास्का,
११ जानेवारी १९८४, बुधवार

प्रिय मोमीताई,

अलोहा. तू, भावोजी, पोरं सगळी मजेत असाल. माझी इवा कशी आहे? आमची लेक होकू आता धरून धरून उभी राहत असेल ना? बाबांचा गुडघा काय म्हणतो? मी इथे बरा आहे. जेवण वेळेवर मिळतं. भातसुद्धा मिळतो, पण आपल्यासारखा चिकट नाही, चमच्यातून पळून जातो.

अक्षराला हसू नकोस. वाऱ्याने खोली हलतेय.

हे पत्र कासिमिरो घेऊन येतोय. आपल्या शेजारच्या माउई बेटाचा आहे, कारखान्यात खेकडे उकळायच्या खोलीत आम्ही बरोबर असतो. दोन दिवस विमान अडकलंय. आता जरा उसंत आहे, तेवढ्यात उडालं तर उडालं. तो दारात बॅग घेऊन उभा आहे आणि म्हणतोय, "प्रेमपत्र लिहितोस की मृत्युपत्र? लवकर आटप राजा, तुझ्या शाईसाठी पायलट थांबणार नाही."

त्याला म्हटलं, शुक्रवारी मोलोकाईला जाऊन बहिणीच्या हातात दे, दुसऱ्या कुणाच्या नाही.

ताई, इथे वादळ आहे. तसं इथे रोजच असतं, त्याचं काही नाही. पण हे हलतच नाही. वायरलेसवर इथलाच एक म्हातारा बसतो, आर्तेमी. मी रोज त्याच्याकडे जाऊन बसतो, दुसरं काम नाही सध्या. तो म्हणाला, "असा वारा मी बायको पळून गेली त्या वर्षी पाहिला होता. ती परत आली, वारा नाही आला." मग कानावरचे हेडफोन काढून नकाशावर बोट ठेवलं आणि हसायचा थांबला. म्हणाला, "पोरा, हे दक्षिणेकडे तोंड करून बसलंय. तुमच्याकडे."

इथे वाऱ्याने पाणी उपटलं की ते तिथे लाट होऊन पोचतं, हे तुला मी काय सांगू. आज इथून निघालेली लाट शनिवारी आपल्या कड्यांवर असेल. आधी काउआईला लागेल, मग ओआहूला, मग आपल्याला. लाटेला विमान लागत नाही, धुकं आडवं येत नाही.

आणि शनिवारी बाबा कड्याखालच्या खडकांवरून ओपिही शिंपले खरवडून काढायला जाणार.

होकूचा पहिला वाढदिवस, रविवारी सगळी हालावा दरी जेवायला, आणि ताटात ओपिही नाही, असं बाबा होऊ देतील? डुक्कर नसलं तरी चालेल त्यांना. मी मागच्या पत्रात लिहिलं होतं, गुरुवारी पोचतो, आपण दोघं जाऊ. ते वाट बघतील. मी आलो नाही तर शुक्रवारी रात्री सुरीला धार लावतील आणि पहाटे निळी होडी काढून एकटेच कड्याखाली जातील.

तुला माहीत आहे आमचं कसं असतं. ते खाली खडकावर, मी वर. त्यांनी फक्त खडकाकडे बघायचं, मी फक्त समुद्राकडे. मी शिट्टी मारली की हातातलं टाकून वर. लहानपणी एकदा मी पक्ष्याकडे बघत बसलो तर म्हणाले होते, "तुझे डोळे म्हणजे माझी पाठ आहे रे गाढवा."

शनिवारी त्यांना पाठ नसणार.

तू म्हणशील, दिसेल की त्यांना समुद्र. नाही दिसणार, ताई! तेच तर सांगतोय. असं मोठं वादळ वर बसलं की आपल्याकडचा नेहमीचा वारा पडतो. सकाळी पाणी आरशासारखं असेल. झाडाचं पान हलणार नाही. बाबा म्हणतील, काय दिवस दिलाय देवाने. आणि या लांबून आलेल्या लाटा एकामागोमाग येत नाहीत. तीन-चार येतात, मग बराच वेळ काही नाही, माणूस विसरतो, मग पुन्हा येतात. रेडिओ सांगेल, पण रेडिओवर त्यांचं मत तुला ठाऊक आहे. "तो होनोलुलूतला बाप्या खिडकीतून बघून बोलतो, त्याला माझा खडक कुठला दिसतोय?"

दुकानात फोन करता आला असता, कासिमिरोही करू शकतो. पण दुकानदार फोन ठेवायच्या आत बाबांना सांगणार. आणि अलास्कात बसून नाहोआ मला समुद्र शिकवतो म्हटल्यावर ते मुद्दाम जातील. नेहमीपेक्षा खालच्या खडकावर उतरतील.

म्हणून तुला एक वाईट काम सांगतोय. तेच करायचं, दुसरं काही नाही.

शनिवारी पहाटेच त्यांच्या दारात जाऊन उभी राहा. ते नेहमीसारखं म्हणतील, जरा फिरून येतो. तेव्हा मोठ्याने, शेजारी ऐकतील असं विचार, "बाबा, ओपिही काढायला निघालात का? कुठल्या खडकावर? किती आणणार?"

हो, मला माहीत आहे मी काय सांगतोय. समुद्रावर निघालेल्या माणसाला हे विचारत नाहीत. कालेई मावशीने एकदा चुकून विचारलं होतं, आठवतं? बाबांनी पाण्यात घातलेली होडी परत ओढून काढली आणि अख्खा उन्हाळा तिच्याशी बोलले नाहीत. तरी नाही थांबले तर होडीत केळ्यांचा घड टाक. सगळ्यांसमोर टाक. केळं चढलेल्या होडीत ते पाय ठेवणार नाहीत.

ते तुला नाही नाही ते बोलतील. नातीचा दिवस नासवलास म्हणतील. रविवारी बायका विचारतील, ओपिही कुठे? मान खाली घाल आणि वाढत राहा.

तू विचारशील, मग तूच का नाही येत?

कासिमिरो म्हणतोय गाडी आली. लिहून टाकतो.

खोली हलत नाहीये, ताई. मी डाव्या हाताने लिहितोय. कामावर हातमोजा यंत्राच्या फिरत्या पट्ट्यात ओढला गेला. उजव्या हाताची दोन बोटं गेली, तिसऱ्याचं अजून ठरायचंय. ताप उतरेपर्यंत डॉक्टर विमानात बसू देत नाही. काल रात्री मी कपडे घालून निघालो होतो, जिन्यातच पडलो. इवाला लिहायला घेतलं की होकूला कसं उचलायचं इथेच गाडी अडते.

बाबांना हे रविवारी सांग, जेवणं झाल्यावर. आधी सांगू नकोस. पोरगा जायबंदी झाला कळलं तर त्याच्या वाटणीचंही आपणच आणायचं म्हणून निघतील.

मी खोटं लिहिलं, मी बरा नाही. पण डोळे शाबूत आहेत आणि मी इथून तेवढंच बघतोय. माझी शिट्टी तिथवर ऐकू येत नाही, म्हणून तुझ्या तोंडून मारतोय. शिव्या घालत का होईना, माणूस घरात बसला पाहिजे.

शनिवारी पहाटे. विचार त्यांना, कुठे निघालात.

वर उभा असलेला, तुझा धाकटा
नाहोआ