पाठकोरे कागद

२ फेब्रुवारी १९५९, मारेगाव

श्री गजानन प्रसन्न.

सामान काल सुखरूप पोचलं. दोन ट्रंका, एक वळकटी, देव्हारा, जातं, पितळी घागर, पाटा-वरवंटा. वणीपर्यंत मोटरीत सामानाचे वेगळे दोन रुपये बारा आणे पडले. तिथून पुढे बैलबंडी. बंडीवाला चार रुपयांवर अडून बसला होता. मी म्हटलं, जातं काही वाटेत कडबा मागत नाही. तो हसला आणि साडेतीनवर आला. वाटेत फुटलं काही नाही, फक्त लोणच्याच्या बरणीला चीर गेली.

ह्यांना इथल्या धर्मादाय दवाखान्यात कारकुनाची जागा मिळाली. दवाखान्याच्या मागेच दोन खोल्या आहेत. अंगणात कडुनिंब, विहीर जवळ. पूर्वेला भिंत मोकळी सापडली, तिथे देव मांडले. शेजारच्या मानीबाईने न सांगता शेणाचा सडा टाकून ठेवला होता. म्हणाली, "मास्तरीन वानी दिसता वो तुमी." मॅट्रिक झाल्याचं सांगितल्यावर तिने पदर तोंडाला लावला.

ह्यांनी दवाखान्याच्या कपाटातून पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा आणला. आधीच्या कारकुनाने टाकून दिलेले, एका बाजूला छापील, दुसरी बाजू कोरी करकरीत. असा चांगला कागद चुलीत घालायचा म्हणजे पापच. छापील बाजू वाचायच्या भानगडीत न पडता मी वाकळेच्या सुईने वही शिवली. तीच ही वही.

९ फेब्रुवारी

आज बाजार. बाजाराच्याच दिवशी वणीहून डॉक्टर येतात. इथली रीत अशी: थुंकी, रक्त बाटलीत घालून नागपूरला पाठवतात, तिकडून टपालाने कागद येतो. कागद रोग्याच्या हाती द्यायचा नाही. डॉक्टर वाचणार, डॉक्टर सांगणार, मग रोग्याने रजिस्टरात ‘कागद मिळाला’ या रकान्यात अंगठा द्यायचा. डॉक्टर आले नाहीत, तर पुढच्या बाजारी.

खिडकीवर काय ती झुंबड! कुणी आठ मैलांवरून चालत आलेलं. शाईची डबी एक, अंगठे पन्नास. ह्यांचे हात निळे, डोकं तापलेलं. संध्याकाळी मीच सुचवलं की अंगठा बाटली देतानाच घेऊन ठेवावा, म्हणजे कागदाच्या दिवशी रांग नको. ह्यांना फार पटलं. म्हणाले, मॅट्रिक बायको केल्याचं आज सार्थक झालं. मी लाजले खरी, पण बरं वाटलं. रजिस्टर आता मीच सुवाच्य अक्षरात उतरवून देते. एकही रकाना रिकामा नाही.

वांगी दोन आणे शेर. शेवग्याच्या शेंगा महाग.

१६ फेब्रुवारी

नागपूरच्या थंडीतला खोकला अजून सुटला नाही. ह्यांनी माझीही बाटली पार्सलात घातली. रजिस्टरात रीतसर सही केली. अंगठ्यांच्या पानात एकटी माझी सही कशी उठून दिसते!

भर दुपारी मागच्या दाराशी एक बाई उभी होती. पंचविशीची, पांढरी ओढणी, पायाला धूळ. नाव खातूनबी सांगितलं. "माहा कागद आला काय वो बाई?" मी म्हटलं, डॉक्टर आज आले नाहीत, पुढच्या बाजारी ये. ती म्हणाली, "हव. दरखेप हेच सांगतेत." रागाने नाही, दुधाचा भाव सांगावा तसं. आत ये, पाणी घे म्हटलं तर नको म्हणाली. बोलताना माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. मी लिहीत होते, त्या वहीकडे पाहत होती.

२३ फेब्रुवारी

डॉक्टर आजही नाहीत. खातूनबी बरोबर दुपारी आली. सोबत तुळसाबाई म्हणून एक म्हातारी आणि उकंडा नावाचा एक पुरुष. तिघं कडुनिंबाखाली ओळीने बसली. मी प्रत्येकाला तेच सांगितलं, पुढच्या बाजारी. म्हातारी म्हणाली, "आमाले काय घाई हाये वो आता?" आणि तिघंही हसली.

मानीबाई कुडापलीकडून विचारू लागली, भर उन्हात एकट्याच कोणासंगं बोलून राह्यल्या? मी नाव सांगितलं. तिची कळशी तिथेच पडली.

मग तिनेच सांगितलं, खातूनबी म्हणजे आमच्या कंपाउंडर मन्सूरभाईंची धाकटी बहीण. दिवाळीच्या आधी गेली. तिचा कागद पाच आठवडे दवाखान्यात येऊन पडला होता. तीन बाजार डॉक्टर नव्हते, चौथ्या बाजारी कारकून रजेवर, पाचव्या बाजारी ती नव्हती. तुळसाबाई पोळ्याला गेली.

मारुतीला तेल घातलं. मला भास झाला असावा. जागरणं फार झाली आहेत.

२ मार्च

मन्सूरभाईंना विचारलं. ते मलमपट्टीचं फडकं कातरत होते, कातरायचे थांबले नाहीत. म्हणाले, "सुई होती दवाखान्यात, बाई. कपाटात तीस सुया होत्या. कागद नव्हता म्हणून देऊ देली नाही."

घरी आले. आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. वही उलटी धरली.

वांग्यांचा भाव लिहिला त्या पानाच्या पाठीवर: खातूनबी, वय २६, थुंकी, जंतू आढळले. तारीख गेल्या भाद्रपदातली. बंडीवाल्याची गंमत लिहिली त्याच्या पाठीवर तुळसाबाई. पुढे उकंडा. पुढे गंगी, वय ९.

सगळी वही.

माझी शाई पातळ कागदातून पलीकडे उमटली आहे. गंगीच्या नावावर माझे देव मांडलेले दिसतात.

५ मार्च

गुरुवारचा उपास. पोथी वाचवेना.

ह्यांना वही दाखवली. म्हणाले, रद्दी आहे, रद्दीला कसले सोयरसुतक. बाहेर बोलू नकोस. मी म्हटलं, निदान ज्यांचे त्यांना देऊ. त्यावर म्हणाले की आमच्या वेळचे असोत की आधीचे, रजिस्टरात अंगठे आहेत, आधीच्या कारकुनानेही रकाने भरूनच ठेवले होते. कागद मिळाला असं रजिस्टर सांगतं.

खातूनबीचं पान सोडवून मन्सूरभाईंकडे नेलं. त्यांनी पुढून वाचलं, मागून वाचलं. वांगी दोन आणे शेर, तेही वाचलं. मग माझ्या हाती परत दिलं. म्हणाले, "ठेवा तुमीच. अजून जागा हाये त्याच्यावर. लिहा."

परत शिवलं. दुसरं काय करू.

९ मार्च

बाजार. अंगण भरलं. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला, लेकरं पुढे. ऊन इतकं, पण कुणाची सावली—

खातूनबी उठून दाराशी आली. मी तोंड उघडायच्या आत तीच विचारती झाली, "तुमचा आला काय वो कागद, बाई?"

मी नाही म्हटलं.

"मंग पुढच्या बाजारी या," म्हणाली. मागे सगळं अंगण हसलं. लेकरंसुद्धा.

खोकल्यात आज तांबूस दिसलं. ह्यांना सांगितलं नाही.

१२ मार्च

सांगितलं. ह्यांनी नागपूरला जोडकार्ड टाकलं होतं, उत्तर आलं. माझा कागद एक तारखेलाच रवाना केला आहे म्हणतात. दुसरी नक्कल देत नाहीत, दवाखान्याची मागणी लागते, डॉक्टरांची सही लागते. डॉक्टर नाहीत.

ह्यांनी कपाट उलथंपालथं केलं. माझा कागद नाही. बाकी सगळ्यांचे आहेत.

मन्सूरभाई कागदावाचून सुई द्यायला तयार होते. हेच नको म्हणाले. नियम मोडला आणि तपासणी आली तर नोकरी जाईल. आणि रजिस्टरात माझी सही आहे. ‘कागद मिळाला’.

माझीच रीत. माझंच सुवाच्य अक्षर.

१६ मार्च

बाजार. मीच अंगणात गेले. पदर पसरला. खातूनबीला म्हटलं, माझं चुकलं, मी तुझ्या लहान बहिणीसारखी, माझा कागद दे.

"सही देली ना तुमी? मंग भेटला कागद."

तुळसाबाई म्हणाली, मॅट्रिक हाये म्हनते, एवढंबी समजत नाही काय.

गंगी लहान आहे, तिला मी जवळ घ्यायला गेले. ती मागे सरली. तिने खोकून दाखवलं. माझ्यासारखं. हुबेहूब माझ्यासारखं—

रजिस्टर उघडलं. माझ्या सहीवर अंगठे. ओले. एकावर एक. सही दिसत नाही आता.

१९ मार्च

हे खिडकीवर बसून आहेत. समोर कोणी नाही आणि नावं पुकारतात. उकंडा. गंगी. तुळसाबाई. हात कोपरापर्यंत निळे. जेवायला हाक मारली तर म्हणाले, रांग संपू दे.

महाराज, माझ्या हातून—

वहीत एक पान जास्त आहे. शेवटचं. हिरव्या दोऱ्याने शिवलंय. माझ्याकडे हिरवा दोरा नाही.

मी ते उलटायला गेले. खातूनबीने बोट ठेवलं. गार. घरात येत नव्हती ना ती? आता चुलीजवळ बसते.

"तुमचा कागद तुमच्यापाशीच हाये," म्हणाली. "डॉक्टर वाचतीन. तुमाले वाचता येत नाही तो."

२३ मार्च

शेवटचं पान. दुसरा कागद नाही घरात.

चि. दादास अनेक आशीर्वाद — नाही, तू मोठा, शि. सा. नमस्कार.

आज बाजार. मी उठू शकत नाही. रक्त वाटीभर. मन्सूरभाई सुई घेऊन दाराशी उभे आहेत, आता तेही कागदावर काय ते कळलं की देतो म्हणतात. की नियम आहे म्हणतात. त्यांच्यामागे बहीण उभी. त्यांना दिसत असेल का? ते हसले आत्ता.

दादा, या पानाच्या पाठीवर काय आहे ते मला पाहू देत नाहीत. बोट ठेवलंय. मी लिहिते तशी शाई पलीकडे उतरते आहे, तिथलं अक्षर पुसतं आहे, कळतंय मला, पण लिहिलं नाही तर तुला—

खातूनबी हात पुढे करून बसली आहे. आना, मी टाकतो पेटीत, म्हणते. पुढच्या बाजारी.

तू नागपुरातच आहेस. प्रयोगशाळेत जा. क्रमांक दोनशे सतरा, फेब्रुवारी सोळा. रजिस्टर नको मागू. माणसाला विचार. जंतू सापडले की नाही, एवढंच. उलट टपाली कळव. एक शब्द पुरे. आहेत, किंवा ना—