दाराशेजारची भिंत

प्रिय योगिनी,

यंदाही फोनवर तू तेच म्हणालीस, दिवाळीला सुट्टी नाही. मी बरं म्हणून फोन ठेवला, पण मला ते मुळीच बरं वाटलं नाही. फोनवर तू मला मधेच तोडतेस. पत्रात ती सोय नाही. या दिवाळीला तुला पुण्याहून घरी यायचंच आहे. त्यासाठी मी काय काय करून ठेवलंय ते आधी नीट वाच.

दसऱ्याचा झेंडू विकून झाला आणि मी घर रंगवायला काढलं. तुझे नाना म्हणाले, “घरात लग्न नाय, कार्य नाय, रंग कशाला?” आपल्याकडे लग्न ठरल्याशिवाय भिंतीला ब्रश लागत नाही, हे काय मला माहीत नाही? पण भिंतींनी तरी किती वाट बघायची? मी म्हटलं, तुम्ही शेवंतीला पाणी द्या, भिंतींचं मी बघते.

गंगापूर रोडला ज्या बाईंकडे मी फुलं पोचवते, त्यांच्या हॉलच्या तीन भिंती फिक्या आहेत आणि एकच गडद. दारात उभं राहून मी सगळं डोळ्यांत भरून घेतलं, बघायला काय जातं? रंगारी लावला नाही. साधा डिस्टेंपर आणला, तीन भिंती मोतिया केल्या आणि समोरची पिवळी धमक. पहिला हात सुकल्यावर ती इतकी भडक दिसली की नाना दुपारभर मळ्यातच बसून राहिले. मग पांढरा मिसळून तिला जरा शांत केलं. माझ्या हिरव्या सुती साडीचे पडदे शिवले. टोमॅटोचे दोन जुने क्रेट घासून एकावर एक ठेवले, त्यात तुझी पुस्तकं लावली. तेलाच्या रिकाम्या डब्यांना निळा रंग देऊन त्यात मनी प्लांट लावलाय. लंकाबाई कुंपणावरून डोकावून विचारते, “कोणाचं जमलं गं?” मी म्हटलं, “माझंच, या घराशी.” तिला तेवढं दोन दिवस पुरलं.

हसू नकोस. माझे गुडघे बोलतात. मी शिडीवर असले की नाना खालून शिडी धरतात आणि बडबडतात, दोन्ही एकदमच.

आता खरं बोलू? सुट्टी तुला मिळते. तुला नको असते ती दाराशेजारची बाहेरची भिंत. तुझ्या लग्नात पेंटरने तिथे तुम्हा दोघांची नावं तेलरंगात लिहिली. तुमची सोडचिठ्ठी झाली तरी ती तशीच राहिली, कारण घरात पुढचं लग्न होईपर्यंत ती पुसायची नसतात म्हणे. गेल्या खेपेला तू मान खाली घालून उंबरा ओलांडलास, ते मी बघितलं. यंदा त्याचं नाव मी पॉलिश पेपरने घासून काढलं. उरलेला पिवळा रंग दिला तर त्यातूनही ते वर आलं. पुन्हा घासलं, प्रायमर मारला, पुन्हा रंग दिला, तेव्हा कुठे गेलं. मग मी तुझ्या नावाला पेपर लावला, तर नानांनी माझा हात धरला. “तिचं काय चुकलं? तिचं ऱ्हाऊ दे,” म्हणाले. आतून लाल रंग आणला आणि तुझं नाव गिरवत बसले. शेवटचा नी जरा वाकडा झालाय. त्या भिंतीवर आता फक्त योगिनी आहे. मान वर करून ये, म्हणजे दिसेल.

तुझीच,
आई